माहुलीच्या टाक्यातले पाणी

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. मित्रांनो, बाटली म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काच येईल. पण मी पत्र्याची आहे. अंगावर निळा मुलामा, त्यावर खाकी लोकरीचा अंगरखा आणि तोंडाला दोरीने बांधलेले बूच, असा माझा थाट. थाट म्हणजे एके काळचा. आता अंगरख्याला कसरीने दोन ठिकाणी खाल्ले आहे आणि बुडाचा मुलामा उडून तिथे गंज धरला आहे. परळच्या एका चाळीत, दारामागच्या खिळ्याला मी टांगलेली असते. दार उघडले की मी भिंतीवर आपटते, त्यामुळे घरात कोण आले ते सगळ्यांच्या आधी मला कळते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. हजारो बहिणी एकाच दिवशी जन्मल्यावर कोण कोणाची आठवण ठेवणार? आठवते ते एवढेच, की दुसऱ्या महायुद्धात मला महार पलटणीतल्या राजाराम नावाच्या शिपायाच्या कमरेला लावले. सरहद्दीवरच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर आम्ही दोघे फिरलो. तिथे पाणी जपून वापरावे लागे. ज्याच्या बाटलीत उरले असेल त्याने शेजारच्याला द्यायचे, आणि त्याने तोंड लावूनच प्यायचे, अशी आमच्या तुकडीची रीत होती. कारण वरून धार धरली की निम्मे पाणी मिशांवर सांडते. माझ्या तोंडाला तेव्हा किती जणांचे ओठ लागले, सांगता यायचे नाही. मला त्याचा अभिमान वाटे. अजूनही वाटतो.

लढाई संपली तेव्हा मला सरकारजमा करायला हवे होते. तशी मी का झाले नाही, ते राजारामालाच ठाऊक. त्याच्या ट्रंकेत, जुन्या गणवेशाच्या घडीत लपून मी परळला आले. चार वर्षांनी राजाराम गेला आणि मी त्याचा मुलगा भिवा याच्या वाट्याला आले.

भिवा कापडगिरणीच्या रिंगखात्यात होता. तिथे सूत कातले जाते. तो रोज मला पाण्याने भरून सोबत नेई, त्यालाही कारण होते. गिरणीतले त्याच्या लोकांचे वेगळे मडके कायद्याने गेले होते. पण भिवाने पाण्याच्या माठावरचा पेला उचलला, की त्याच्या मागे उभा असलेला माणूस गुपचूप नळाकडे वळे. भिवाने वर्षभर ते पाहिले आणि मग मला खांद्याला अडकवले. त्याने तक्रार केली नाही. तो मुळातच कमी बोलणारा होता, आणि हा त्याचा गुण म्हणायचा की दोष, ते मला आजवर ठरवता आलेले नाही.

भोंगा वाजला की जायचे, भोंगा वाजला की यायचे. डोक्यावर कापसाचे तूस घेऊन जिना चढायचा, तेच उतरवून जेवायला बसायचे. भिवाची बायको सुभद्रा त्याला म्हणायची, "तुमचे पाय गिरणीची वाट डोळे मिटून जातील." भिवा हसत नसे, कारण ते खरे होते.

१९५६ सालच्या जानेवारीत मुंबई पेटली होती. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, या मागणीने गिरणगावातले एकही घर स्वस्थ नव्हते. लालबागच्या रस्त्यावर मोर्चात भिवा होता आणि त्याच्या खांद्याला मी होते. अश्रुधुराची नळकांडी फुटली, माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. दिव्याच्या खांबाला धरून एक तरुण डोळे चोळत उभा होता. भिवाने त्याला दंडाला धरून एका चाळीच्या बोळात ओढले.

"चोळू नको, चोळू नको. वर बघ. डोळे उघड," भिवा म्हणाला आणि त्याने मला त्याच्या डोळ्यांवर रिकामी केली.

तो जयवंत. कोकणातला, लालबागच्या एका खोलीत आठ गाववाल्यांबरोबर राहणारा. डोळे उघडल्यावर त्याने पहिले काय विचारले असेल? "खय कामाक असतंस?" मग स्वतःच सावरून म्हणाला, "म्हणजे, कुठल्या गिरणीत?"

गिरणी एकच निघाली. जयवंत साचेखात्यात होता, म्हणजे जिथे साच्यांवर, म्हणजेच मागांवर, कापड विणतात तिथे. रिंगखाते आणि साचेखाते यांच्यामध्ये एक भिंत होती. तीन वर्षे दोघे तिच्या दोन बाजूंना काम करत होते आणि एकमेकांचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. यात नवल नव्हते. साचेखात्यात पगार जास्त होता, पण भिवाच्या लोकांना तिथे घेत नसत. कारण असे होते: मागावर जो धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. विणकर ते भोकाला तोंड लावून एका दमात ओढून काढत. आज या हातात असलेला धोटा उद्या त्या हातात. एकाचा ओठ लागलेल्या धोट्याला दुसऱ्याचा ओठ लागायचा. म्हणून ती भिंत होती.

पण भिंतीबाहेर दोघांचे चांगलेच जमले. पाळी सुटली की ते फाटकाजवळच्या कठड्यावर बसत. सभांना बरोबर जात, घोषणा देऊन घसे बसवून घेत. जयवंत बोलका होता. त्याच्या गावामागे सह्याद्रीचा कडा होता, त्याच्या गोष्टी तो सांगे आणि मध्येच खोकत असे. विणकरांना खोकला असायचाच, कोणी लक्ष देत नसे. भिवा जन्माने परळचा. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा चढ म्हणजे चाळीचा तीन मजली जिना. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली, की चाळीच्या गच्चीवरून खाडीपलीकडे डोंगरांची एक फिकट रेघ दिसे. भिवा ती बघत उभा राही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात भिवा नागपूरला गेला आणि त्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मीही बरोबर होते. परतल्यावर त्याने सुभद्रेला सांगितले, "आता कोणी विचारलं, तर आपण कोण ते सरळ सांगायचं. मान खाली नाही घालायची." हे बोलताना त्याचा आवाज निराळाच होता. मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी शिमगा झाला आणि एका संध्याकाळी कठड्यावर बसल्या बसल्या भिवा म्हणाला, "जयवंता, मला एकदा डोंगरावर ने."

"काय रे, मधेच?"

"भोंगा ऐकू येणार नाही अशा ठिकाणी एक दिवस काढायचाय. एकच."

जयवंताने तिथल्या तिथे ठरवून टाकले. रविवारी पहाटेची गाडी, आसनगावला उतरायचे, माहुलीचा गड. सुभद्रेने भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. भिवाने पदपथावरून पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. ते अर्धा नंबर लहान होते, पण स्वस्त होते. तो रात्रभर मुलासारखा जागा होता. मला त्याने तीन वेळा खळबळून धुतले.

गाडीतच जयवंताने अर्धी न्याहारी संपवली. "वैनीच्या हाताला चव आहे रे," असे म्हणत त्याने सुकटीचे बोट चाटले. हे मी मुद्दाम सांगते आहे. जयवंत वाईट माणूस नव्हता. त्याने मनातल्या पुष्कळ गोष्टी मागे टाकल्या होत्या. निदान त्याला तसे वाटत होते. इतक्या खुशीत होते दोघे, की मी रिकामी आहे हे आसनगाव येईपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. धुऊन धुऊन भिवा मला भरायलाच विसरला होता.

स्टेशनपासून पायथ्याच्या गावापर्यंत भिवा जवळजवळ पळतच निघाला. जयवंत मागून हसत ओरडला, "अरे, सावकाश! इथं हजेरी लागत नाही!" गावाच्या कडेला विहीर होती. एक म्हातारी दोर ओढत होती. भिवाने मला पुढे केले.

"कुठलं रं पोरांनो?" म्हातारीने विचारले.

"मुंबईची, आजी. गड बघायला आलोय," जयवंत म्हणाला.

"ते झालं. पन कोनाची?"

या प्रश्नाचा अर्थ तिथे असलेल्या तिघांनाही ठाऊक होता. भिवाने उत्तर द्यायला तोंड उघडले. तेवढ्यात जयवंताने त्याच्या हातातून मला काढून घेतले आणि झटकन सांगितले, "मराठ्यांची. दोघं पण."

म्हातारीने हसून पोहरा माझ्यात ओतला. मी गळ्यापर्यंत भरले. जयवंताने भिवाकडे पाहून डोळा मारला. कशी वेळ निभावली, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. भिवाचे तोंड अजून उघडेच होते. त्यातला शब्द बाहेर आला नाही, आणि तो आला नाही म्हणून भिवाला जयवंतापेक्षाही स्वतःचाच जास्त राग आला. त्याने जयवंताच्या हातातून मला परत घेतले, बूच लावून खांद्याला अडकवले आणि तो चालू लागला.

सुरुवातीचे रान पळसाने लाल झाले होते. गावाचा आवाज मागे पडला. एके ठिकाणी भिवा थांबला आणि कानावर हात ठेवून म्हणाला, "हे काय वाजतंय?"

"काही नाही," जयवंत म्हणाला. "गिरणीच आहे ती. कानात राहिलेली. जाईल थोड्या वेळाने."

भिवा क्षणभर सगळे विसरला. जमिनीतून वर आलेल्या एका काळ्या खडकावर त्याने हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. त्या क्षणी मला वाटले, की विहिरीवरचे ते चार शब्द इथेच राहतील, पुढे येणार नाहीत.

पण ऊन चढले. चढ उभा झाला. जयवंताने मला घेतले, मान मागे टाकून वरून धार धरून घटाघटा प्यायला आणि मला पुढे केले.

"नको," भिवा म्हणाला.

अर्ध्या तासाने पुन्हा तेच. "नको." तासाभराने पुन्हा. "तहान नाही."

मित्रांनो, बाटलीचा जन्म कशासाठी असतो? मी सरहद्दीवर रिकामी राहिले आहे, तेव्हाही मला इतके वाईट वाटले नव्हते. त्या दिवशी मी भरलेली होते. माझ्या पोटात पाणी डुचमळत होते, आणि ज्याच्या कुशीला मी पावलागणिक आपटत होते त्याचे ओठ फाटले होते. त्याच्या घामाने माझा अंगरखा भिजला. बुटांनी त्याच्या टाचा सोलून काढल्या होत्या. मी त्याच्या बापाची बाटली होते आणि त्याच्या काहीही कामाची नव्हते.

गडाचा माथा थोडाच राहिला असताना भिवाच्या पोटरीत गोळा आला आणि तो घसरून खाली बसला. डोळे अर्धे मिटले होते. जयवंत घाबरला. त्याने बूच काढून मला भिवाच्या तोंडाशी नेले.

"पी रे! मरशील अशानं!"

भिवाने तोंड फिरवले. "ते पाणी माझ्या नावाचं नाही."

जयवंताला काही वेळ उमगलेच नाही. मग उमगले. "अरे, मी तुझ्यासाठीच बोललो. खरं सांगितलं असतं, तर तिने पाणी दिलं नसतं."

"नसतं दिलं. मग मी तहानलेला चढलो असतो." भिवाला बोलायला त्रास होत होता. "आत्ताही तेच करतोय ना? पण तेव्हा भिवा म्हणून चढलो असतो. माझं नाव सांगायला तुला लाज वाटली, जयवंता."

"लाज नाय रे वाटली..." जयवंत म्हणाला आणि थांबला. कदाचित वाटली होती. त्याने मान खाली घातली. मग तो उठला आणि मला उपडी करून माझ्यातला शेवटचा थेंब खडकावर ओतून टाकला. तापलेल्या दगडावर ते पाणी बघता बघता दिसेनासे झाले. मला मुळीच दुःख झाले नाही.

भिवाचा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन, स्वतः खोकत खोकत, जयवंताने त्याला माथ्यावर चढवले. तिथे पडक्या दरवाजाजवळ खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. भिवा गुडघ्यांवर बसला, पाण्यावरची पाने बाजूला सारून त्याने मला बुडवले आणि माझ्या तोंडाला तोंड लावून इतका प्यायला, की त्याचा श्वास कोंडला. पाणी गार होते. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग त्याने मान वर केली आणि प्रथमच आजूबाजूला पाहिले. केवढे आकाश, केवढा मुलूख! कुठेही धुराडे नव्हते. भिवा हसला. आठ-दहा वर्षांत तो मला असा हसलेला आठवत नाही.

त्याने मला पुन्हा भरले आणि जयवंतापुढे धरले. "घे. आता पी."

देताना तो जयवंताच्या हातांकडे बघत होता. त्याला काय बघायचे होते ते मला कळत होते. सुभद्रेची भाकरी जयवंताने खाल्ली होती. पण माझ्या तोंडाला आत्ताच भिवाचे ओठ लागले होते. पलटणीतल्यासारखा तो मला तोंड लावतो का, एवढेच भिवाला हवे होते. सगळ्या दोस्तीचा हिशेब त्या एका घोटावर आला होता.

जयवंताने मला दोन्ही हातांत घेतले. आणि त्याचा अंगठा माझ्या तोंडावरून एकदा, कडेने कडेने फिरला.

भिवाने ते पाहिले. त्याचे हसू मावळले. त्याने भाकरीचे फडके उचलले, पाठ फिरवली आणि तो उतरू लागला.

आणि मित्रांनो, त्याने पाठ फिरवल्यावर जयवंताने काय केले ते फक्त मला माहीत आहे. त्याने मला तोंड लावले. वरून धार धरली नाही. ओठ टेकवून, डोळे मिटून तो हळूहळू पीत राहिला. मी त्याच्या ओठांना लागले होते. मला तरी कळायला हवे होते. पण त्या अंगठ्याने मला इतके लागले होते, की ओठांकडे मी लक्षच दिले नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा भिवा दूर गेला होता. "अरे भिवा! थांब की! अजून कडा बघायचाय!" जयवंत ओरडला. भिवाने वळून पाहिले नाही. स्टेशनवर जयवंताने मला त्याच्या हातात दिले. "बाटली राहिली तुझी," एवढेच तो बोलला. विहिरीवरचा राग अजून गेलेला नाही, अशी त्याची समजूत झाली होती.

घरी आल्यावर भिवाने सुभद्रेला सांगितले, "हिचं तोंड राखेने घास."

"का? काय झालं?"

भिवा बूट काढत बसला. सुभद्रेने घासले. त्यातून काही निघाले नाही, कारण काही लागलेलेच नव्हते.

त्यानंतर दोन-तीन वेळा जयवंत पाळी सुटल्यावर कठड्याशी उभा राहिला. भिवा दुसऱ्या फाटकाने गेला. मग जयवंत उभा राहायचा थांबला. सभा होत राहिल्या, मोर्चे निघत राहिले. एकाच घोषणेत दोघांचे आवाज मिसळत असतील, पण एकमेकांना ते ऐकू गेले नाहीत. अशी तीन वर्षे गेली.

१९६० सालच्या एप्रिलअखेर साचेखात्याचे जॉबर, म्हणजे माणसे कामाला लावणारे मुकादम, बाबुराव भिवाला शोधत रिंगखात्यात आले. युनियनने रेटा लावल्यापासून ती भिंत थोडी सैल झाली होती.

"जयवंत शिवडीच्या इस्पितळात पडलाय," बाबुराव म्हणाले. "क्षय. काही परत येत नाही तो. जाताना सांगून गेलाय, माझ्या दोन साच्यांवर बदली म्हणून भिवालाच घ्या. दुसऱ्या कोणाला दिलंत, तर बघा म्हणाला. येतोस?"

भिवा गेला. राग होता, पण चूलही होती. मला त्याने साच्याजवळच्या खुंटीला अडकवले. तिथला खडखडाट इतका होता, की माझे बूच थरथरत होते. बाबुरावांनी धोटा त्याच्या हातात दिला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितले:

"आधी अंगठा फिरव भोकावर! तूस बसतं! नाहीतर सगळं छातीत जातं. अंगठा फिरवायचा, मग तोंड लावायचं. सवय कर. हात झोपेत पण तेच करायला पाहिजे!"

आणि त्यांनी करून दाखवले. अंगठा कडेने कडेने फिरला, एकदाच. मग ओठ.

भिवाच्या हातातून धोटा खाली पडला.

शेजारच्या साच्यावरचा विणकर तेच करत होता. त्याच्यापलीकडचाही. त्या रांगेत प्रत्येक अंगठा तसाच फिरत होता. भिवाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी काय बोलणार? मीही तीन वर्षे तोच गैरसमज पोटात घेऊन लटकत होते. मला माझीच लाज वाटली.

तो त्याच संध्याकाळी शिवडीला जाऊ शकला असता. त्याने चप्पल पायात घातलीही होती. मग सुभद्रेला म्हणाला, "असा मोकळ्या हाताने कसा जाऊ?" आणि रविवारची वाट बघत बसला.

तो रविवार म्हणजे मे महिन्याची पहिली तारीख. महाराष्ट्र राज्य झाले. साऱ्या गिरणगावात तोरणे, पताका, ढोल, पेढे. आणि ज्याने त्या दिवसासाठी घसा फोडून घेतला होता तो भिवा एकटाच आसनगावला उतरला. विहिरीवर तीच म्हातारी होती. तिने तोच प्रश्न विचारला.

"बौद्ध. परळचा भिवा," तो म्हणाला.

म्हातारीने दोर गुंडाळला. भिवाने तिला नमस्कार केला आणि तो रिकाम्या बाटलीनिशी गड चढला. टाक्यातले पाणी उन्हाळ्याने खाली गेले होते. त्याने पालथे पडून मला भरले.

सोमवारी पाळी सुटल्यावर आम्ही इस्पितळात गेलो. जयवंत इतका वाळला होता, की भिवा खाटेपुढून आधी निघूनच गेला. आजारात त्याची बोली गावाकडे वळली होती. "इलंस?" तो म्हणाला आणि हसला.

भिवा खाटेच्या कडेवर बसला. "बाबुरावांनी शिकवलं मला," तो म्हणाला. "आधी अंगठा, मग तोंड."

"तूस बसतं रे," जयवंत म्हणाला.

"त्या दिवशी माहुलीवर... तू माझ्या बाटलीवरनं अंगठा फिरवलास."

जयवंताने आठवून पाहिले. त्याला आठवेना. "फिरवला?" तो म्हणाला. मग हळूहळू त्याच्या डोळ्यांत सगळे आले. "म्हणून गेलास? अरे देवा. आणि मला वाटलं, विहिरीचं... मी तोंड लावून प्यायलो रे, भिवा. तू बघायला पाहिजे होतंस."

"तू मला का नाही विचारलंस, की मी का गेलो?"

"तू तरी खय विचारलंस?"

 भिवाने बूच काढले. "त्याच टाक्यातलं आहे. घे. तोंड लाव."

जयवंताने हात वर केला आणि आपला तळवा माझ्या तोंडावर झाकण ठेवावे तसा ठेवला. "नाय," तो म्हणाला. "हे दुखणं वाईट. तुझी सुभद्रा आहे. वरून ओत."

भिवाने पुष्कळ विनवले. तो तळवा काही निघाला नाही. शेवटी भिवाने एका हाताने त्याची मान उचलली आणि दुसऱ्या हाताने मला उंच धरून त्याच्या तोंडात बारीक धार सोडली. निम्मे पाणी गळ्यावर सांडले. जो एक घोट तोंड लावून मिळावा म्हणून भिवा तीन वर्षे जळला होता, तो आता जयवंताने मायेपोटी नाकारला होता. या वेळी मात्र भिवाला अर्थ बरोबर कळला.

"राहिलेलं तू पी," जयवंत म्हणाला.

भेटीची वेळ संपली. बाहेर येऊन भिवा इस्पितळाच्या पायरीवर बसला. रस्त्यावर कालच्या पताका अजून तशाच होत्या. त्याने मला उचलले, बूच काढले, आणि त्याचा अंगठा आपसूक माझ्या तोंडावरून फिरला. कडेने कडेने, एकदा. साचेखात्यात त्याला एकच आठवडा झाला होता.

भिवाने आपल्या अंगठ्याकडे पाहिले आणि तो येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर धाय मोकलून रडला.

जयवंत आठव्या दिवशी गेला.

मित्रांनो, भिवाचे चुकले असे म्हणायची घाई करू नका. त्याने आयुष्यभर जे अंगठे आणि जे पेले पाहिले होते, त्यांतले बहुतेक तसेच होते; हा एकच निराळा निघाला. खात्यांमधली ती भिंत नसती, तर भिवाने हा अंगठा पहिल्याच दिवशी ओळखला असता. ती भिंत ज्यांनी बांधली त्यांना मी क्षमा करणार नाही. मला राखेने घासा, कसर झटका, असेही माझे मागणे नाही. मागणे एवढेच आहे. कोणाला बाहेर ठेवणारी भिंत दिसली, तर ती आपली नाही म्हणून पुढे जाऊ नका. आणि एखादा मित्र अर्ध्या वाटेतून न बोलता उतरू लागला, तर वरून नुसत्या हाका मारू नका. धावत जा, त्याच्यापुढे उभे राहा आणि काय झाले ते विचारा. मला सगळे ठाऊक असून बोलता आले नाही, कारण मी बाटली आहे. माझ्या तोंडाला बूच आहे. तुमच्या नाही.